नावाचा धनी कोण?

घरातली मुलगी परीक्षेत चमकली किंवा मुलगा खेळात पहिला आला, की आठ दिवस दारात माणसांची रीघ लागते. पेढे वाटले जातात, वस्तीत सत्कार होतो, खांद्यावर शाल पडते, फोटो निघतो. तो चौकटीत बसवून भिंतीवर टांगला जातो. आणि नवव्या दिवशी? नवव्या दिवशी नळाला पाणी त्याच वेळेला येते, वडील त्याच पाळीला कामावर जातात, आई त्याच घाईने डबे भरते. भिंतीवरचा फोटो हसत असतो, पण कोणाच्या कामी येत नाही. नाव झाले हे खरे. झालेल्या नावाचे पुढे करायचे काय, हे मात्र सत्काराच्या भाषणात कोणी सांगत नाही.

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका परदेशी माणसाची आठवण झाली. तो रुमानियाचा. त्याने फुटबॉल खेळून नाव मिळवले, मग प्रशिक्षक झाला, तिथे बरीच वर्षे ठेचा खाल्ल्या आणि शेवटी आपल्या नावाचा असा उपयोग केला की त्याची हकीकत आमच्या वाचकांना सांगावी असे वाटले. ज्यांना फुटबॉलमधले काही कळत नाही अशा माताभगिनींनीही पान उलटू नये. ही गोष्ट चेंडूची कमी आणि नावाची जास्त आहे.

त्याचे नाव गेओर्गे हाजी. जन्म ५ फेब्रुवारी १९६५ चा, काळ्या समुद्राजवळच्या कॉन्स्तान्त्सा जिल्ह्यातल्या साचेले या खेड्यातला. 'हाजी' हे आडनाव वाचून वाचक चकित होतील. बाल्कन भागात जेरुसलेमची यात्रा करून आलेल्या ख्रिस्ती माणसालाही लोक हाजी म्हणत, त्यातून ही आडनावे पडली. त्याचे घराणे अरोमानी. अरोमानी म्हणजे बाल्कनच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणारा, रुमानियन भाषेला जवळची पण स्वतःची वेगळी बोली बोलणारा एक लहान समाज. ग्रीस, अल्बानिया, मॅसेडोनिया अशा अनेक देशांत तो विखुरला. त्यातली काही कुटुंबे रुमानियाच्या समुद्रकाठी येऊन वसली. अशा समाजातला हा मुलगा. अंगाने बुटका, पण डावा पाय असा की चेंडू त्याला चिकटून राहावा.

सतराव्या वर्षी तो कॉन्स्तान्त्साच्या 'फारुल' या संघातून मोठ्यांच्या स्पर्धेत उतरला. फारुल म्हणजे दीपगृह. बंदराच्या शहराला शोभेल असेच नाव. अठराव्या वर्षी, १९८३ साली, तो देशाच्या संघात गेला. त्याच वर्षी राजधानी बुखारेस्टमधल्या 'स्पोर्तुल स्तुदेन्त्सेस्क' या विद्यार्थ्यांच्या क्लबाकडे तो आला. १९८५ आणि १९८६ अशी दोन वर्षे देशाच्या साखळी स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याचे होते, दुसऱ्या वर्षी तर ३१. मुलाचे नाव देशभर झाले.

आता पाहा, त्या नावाचा धनी कोण होता ते.

त्या काळी रुमानियावर निकोलाय चाउशेस्कूची हुकूमशाही होती. मोठे क्लब सरकारी खात्यांचे होते. 'दिनामो' गृहखात्याचा आणि 'स्तेआवा' लष्कराचा. हुकूमशहाचा मुलगा व्हालेन्टीन याचा स्तेआवाशी निकटचा संबंध होता. स्तेआवाने १९८६ साली युरोपियन चषक जिंकला. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोनॅको येथे सुपर चषकाचा सामना सोव्हिएत संघराज्यातल्या डायनॅमो किएव्हशी व्हायचा होता. त्या एका सामन्यापुरता म्हणून हाजीला विद्यार्थ्यांच्या क्लबाकडून मागून घेतले. सामन्यात एकच गोल झाला, तो त्यानेच केला. चषक स्तेआवाला मिळाला आणि एका सामन्यासाठी नेलेला खेळाडू काही परत आला नाही. लष्कराने ठेवून घेतला तर विचारणार कोण? परदेशी क्लबांनी कितीही मागणी केली तरी सरकार सोडत नव्हते. टाळ्या त्याला मिळत होत्या, पण कुठे खेळायचे हे ठरवणे त्याच्या हाती नव्हते.

डिसेंबर १९८९ मध्ये लोक रस्त्यावर आले, चाउशेस्कूची राजवट कोसळली. दाराची कडी निघाली. १९९० च्या विश्वचषकानंतर हाजी स्पेनच्या रेआल माद्रिदकडे गेला. वाटले, आता तो आपल्या नावाचा मालक झाला. पण बाजाराचा हिशेब वेगळा असतो. माद्रिदमध्ये दोन वर्षे काढून तो इटलीतल्या ब्रेशा या लहान क्लबाकडे आला. तिथे मिर्चा लुचेस्कू हे त्याच्याच देशाचे प्रशिक्षक होते. पहिल्याच हंगामात ब्रेशा खालच्या श्रेणीत घसरला. युरोपातल्या बड्या क्लबातून निघालेला खेळाडू वर्षभरातच इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत येऊन बसला. चढत्याला सलाम करणारे जग उतरत्याची पाठ पाहत होते. हाजी मात्र क्लब सोडून पळाला नाही. पुढच्या हंगामात ब्रेशा पुन्हा वर आला आणि मगच तो १९९४ च्या विश्वचषकासाठी अमेरिकेला निघाला.

त्या स्पर्धेत काय झाले ते फुटबॉलवेडे अजून सांगतात. १८ जून १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेना येथे रुमानियाची गाठ कोलंबियाशी होती. कोलंबिया विश्वचषक नेईल असे मोठमोठे जाणकार म्हणत होते. स्टेडियममध्ये ९० हजारांहून अधिक माणसे. डाव्या बाजूला, गोलपासून खूप लांब, हाजीकडे चेंडू आला. तिथून कोणी गोलवर मारत नाही. त्याने मान वर करून पाहिले, गोलरक्षक जागा सोडून थोडा पुढे उभा होता. हाजीने चेंडू असा उंच उडवला की तो गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाऊन आतल्या कोपऱ्यात पडला. रुमानिया ३-१ ने जिंकला. पुढे ३ जुलैला अर्जेंटिनाला ३-२ ने घरी पाठवले, त्यातला एक गोल हाजीचा. लोक त्याला 'कार्पेथियन पर्वताचा मॅराडोना' म्हणत. त्या दिवशी खरा मॅराडोना उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडल्यामुळे मैदानाबाहेर होता. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनने रुमानियाला पेनल्टींवर हरवले. एवढा मजल मारलेला रुमानियाचा दुसरा संघ आजवर झालेला नाही. देशात हाजी 'राजा' ठरला.

त्या उन्हाळ्यात बार्सिलोनाने त्याला घेतले. दोन वर्षांनी, ३१ व्या वर्षी, तो तुर्कस्तानच्या गालातासराय संघाकडे गेला, तेव्हा अनेकांना वाटले की हा आता पेन्शन घ्यायला चालला. तिथे त्याने चार वर्षे लागोपाठ साखळी विजेतेपद पाहिले आणि १७ मे २००० रोजी कोपनहेगनला आर्सेनलला पेनल्टींवर हरवून गालातासरायने यूएफा चषक जिंकला. तुर्की संघाने जिंकलेला तो पहिला युरोपीय चषक. हाजीचा साडू गेओर्गे पोपेस्कू याने शेवटची पेनल्टी मारली. इस्तंबूलच्या लोकांनी या परक्या माणसाला घरच्यासारखे मानले.

पण आम्ही इथे फक्त ओवाळणी करायला बसलेलो नाही. खरे आहे ते सगळे सांगितले पाहिजे. त्याच कोपनहेगनच्या सामन्यात जादा वेळेत प्रतिस्पर्ध्याशी हातघाईवर आल्यामुळे हाजीला लाल कार्ड मिळाले. जिंकल्याचा क्षण आला तेव्हा तो मैदानात नव्हता. पुढच्या महिन्यात, २४ जून २००० रोजी, युरो स्पर्धेत इटलीविरुद्ध पुन्हा तेच. पडल्याचे सोंग केले म्हणून दुसरे पिवळे कार्ड, म्हणजे बाहेर. देशासाठी ३५ गोल केलेल्या माणसाचा देशासाठीचा शेवटचा सामना असा खाली मान घालून संपला. नाव मोठे असले म्हणून राग लहान होत नाही. घराघरांतल्या तापट मुलांनी हे ध्यानात ठेवावे, आणि त्यांच्या बापांनीही.

२००१ साली त्याने खेळणे थांबवले. इथपर्यंतची गोष्ट अनेक खेळाडूंची असते. यापुढची थोड्यांची.

त्याच वर्षी त्याला थेट राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक केले. का? तर नाव मोठे म्हणून. प्रशिक्षकाचे काम त्याने त्याआधी एक दिवसही केलेले नव्हते. नोव्हेंबरमध्ये स्लोव्हेनियाने रुमानियाला हरवले आणि २००२ च्या विश्वचषकाचे दार बंद झाले. हाजीचे पद गेले. मग तुर्कस्तानात बुर्सास्पोर, तिथेही थोडेच दिवस. मग गालातासराय. तिथे २००५ साली तुर्की चषकाच्या अंतिम सामन्यात फेनरबाह्‌चेला ५-१ ने धूळ चारली, तरी हंगाम संपताच निरोप मिळाला. मग तिमिशोआरा, मग २००७ साली स्तेआवा, तिथून काही महिन्यांत राजीनामा. पुढे २०१० साली पुन्हा गालातासराय, तेही पाच-सहा महिन्यांतच संपले. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' अशी गत झाली. जे क्लब त्याला बोलावत होते ते प्रशिक्षकाला बोलावत नव्हते, कोलंबियाविरुद्धच्या त्या गोलाला बोलावत होते. तो गोल तर पुन्हा होणार नव्हता.

आम्हांला वाटते, नामवंत माणसाच्या आयुष्यातली सर्वांत अवघड वेळ हीच. नाव दार उघडते, पण आत गेल्यावर काम तर स्वतःलाच करावे लागते. खेळणे ही एक विद्या आहे आणि शिकवणे ही दुसरी. स्वतःच्या पायाला जे आपोआप कळते ते दुसऱ्याच्या पायाला कसे समजवायचे? उत्तम स्वयंपाक करणाऱ्या सासूबाईंना विचारा, मीठ किती घालायचे? त्या म्हणतील, 'अंदाजाने'. तो अंदाज सुनेच्या हातात उतरवायला वर्षे जातात आणि धीर लागतो. हाजीला तो धीर वयाच्या चाळिशीनंतर शिकावा लागला.

२००९ साली त्याने दुसऱ्यांच्या दारात उभे राहण्याऐवजी स्वतःचे दार बांधायला घेतले. जिथे तो लहानाचा मोठा झाला त्याच कॉन्स्तान्त्साजवळ, ओविदिऊ या छोट्या गावी, त्याने मुलांसाठी फुटबॉलची अकादमी काढली. स्वतःच्या कमाईचा पैसा त्यात घातला. मैदाने तयार केली, मुलांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली, वयोगटांप्रमाणे संघ उभे केले. त्यावर एक क्लबही काढला. त्याचे नाव 'वीतोरुल'. रुमानियन भाषेत त्याचा अर्थ भविष्यकाळ.

त्याच्या देशात त्या वेळी क्लबांचे दिवस वाईट होते. जुने सरकारी क्लब मोडकळीला आले होते, मालक येत होते आणि जात होते, मुलांना शिकवण्यावर खर्च करायला बहुतेकांची तयारी नव्हती. १९९४ ची पिढी निवृत्त झाली आणि मागे कोणी उरले नाही. तयार खेळाडू विकत घेणे सोपे, मुलगा घडवणे लांबचे काम. वीतोरुल खालच्या श्रेणीतून वर चढत २०१२ साली देशाच्या पहिल्या श्रेणीत आला. २०१४ साली हाजी स्वतः त्याचा प्रशिक्षक झाला. संघात अठरा-वीस वर्षांची पोरे. सुरुवातीला हरणे नित्याचे होते. या वेळी मात्र त्याला काढून टाकणारे कोणी नव्हते आणि त्यानेही मुलांना काढले नाही.

२०१७ साली या पोरांनी देशाचे विजेतेपद जिंकले. तेही कसे? हंगाम संपला तेव्हा वीतोरुल आणि बुखारेस्टचा बलाढ्य एफसीएसबी या दोघांचे गुण सारखे झाले. आपसांतल्या सामन्यांत सरस म्हणून विजेतेपद वीतोरुलला मिळाले. दुसऱ्या बाजूने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत दाद मागितली, ती फेटाळली गेली.

यातला एक योगायोग वाचकांनी लक्षात घ्यावा. हा एफसीएसबी म्हणजे तोच क्लब, जो आपण स्तेआवा आहोत असे सांगत होता. लष्कराने न्यायालयात दावा लावला की स्तेआवा हे नाव आमचे आहे, तुमचे नव्हे. म्हणून २०१७ सालीच त्या क्लबाला नाव बदलावे लागले. ज्या नावासाठी एकेकाळी हाजीला ठेवून घेतले होते, ते नाव कोणाचे यावर न्यायालयात भांडण चालू होते आणि त्याच वर्षी हाजी आपल्या पोरांना घेऊन विजेता झाला होता.

२०२१ साली आणखी एक गोष्ट घडली. ज्या फारुल क्लबातून हाजीने सुरुवात केली तो दुसऱ्या श्रेणीत अडकला होता. हाजीने आपला वीतोरुल त्यात विलीन केला आणि नाव ठेवले फारुल. चार-पाच वर्षांपूर्वी देशात पहिला आलेला, स्वतः काढलेला क्लब. त्याचे नाव पुसायला कोणाचे मन धजेल? पण शहराच्या जुन्या माणसांना आपले दीपगृह हवे होते. मे २०२३ मध्ये ओविदिऊच्या मैदानावर फारुल एफसीएसबीविरुद्ध ०-२ ने मागे पडला होता. तिथून तीन गोल करून सामना ३-२ ने जिंकला आणि देशाचे विजेतेपदही. फारुलच्या नावावरचे ते पहिलेच. प्रशिक्षक हाजी.

आता कोणी म्हणेल, यात पैसा नाही का? आहे. अकादमीत घडलेले खेळाडू परदेशी क्लबांना विकले जातात आणि त्या पैशांवर अकादमी चालते. अकादमीला नावही हाजीचेच आहे. हे धर्मादाय काम नव्हे आणि हाजी संतही नव्हे. पण नावाच्या जोरावर पैसा मिळवून तो पैसा पुढच्या मुलांच्या मैदानात घालणे आणि नावाच्या जोरावर मिळालेला पैसा स्वतःच्या बंगल्यात घालणे, यात फरक आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

त्याचा मुलगा यानिस हाही याच अकादमीत शिकला. बापच प्रशिक्षक, बापाचाच क्लब. लोक बोलणारच. राजाचा मुलगा म्हणून संघात आला, असे टोमणे त्या मुलाने लहानपणापासून ऐकले. मोठ्या नावाचे ओझे ते नाव कमावणाऱ्यापेक्षा त्याच्या लेकराच्या खांद्यावर जास्त पडते. बापाने कमावलेले नाव मुलाला वारसा म्हणून मिळते, पण चेंडू काही वारशाने गोलात जात नाही.

जून २०२४ मध्ये जर्मनीत युरो स्पर्धा झाली. रुमानियाने युक्रेनला ३-० ने हरवले. या स्पर्धेत सामना जिंकायला त्या देशाला २४ वर्षे थांबावे लागले होते. गटातला शेवटचा सामना २६ जूनला फ्रँकफर्टला स्लोव्हाकियाशी होता आणि रुमानिया एका गोलाने मागे होता. यानिस हाजीला प्रतिस्पर्ध्याने पाडले, पंचांनी पेनल्टी दिली. चेंडू ठेवला राझ्वान मारिन याने आणि गोल केला. बरोबरी झाली. गटातल्या चारही संघांचे चार-चार गुण झाले, पण गोलांच्या हिशेबाने रुमानिया पहिला आला. पुढच्या फेरीत नेदरलँड्सने त्यांना ३-० ने हरवले, तो भाग वेगळा. आम्हांला सांगायचे ते हे की ज्याला पाडले तो हाजीच्या अकादमीतला आणि ज्याने गोल केला तो मारिनही वीतोरुलमधूनच पुढे आलेला. एक स्वतःचा मुलगा, दुसरा परक्याचा. त्या दिवशी मैदानात हाजी नव्हता. त्याची गरजही नव्हती.

बंधू-भगिनींनो, आम्ही सुरुवातीला विचारले होते, झालेल्या नावाचे करायचे काय? हाजीच्या नावावर आधी लष्कराने हक्क सांगितला, मग बाजाराने त्याची किंमत ठरवली, मग क्लबांनी ते भाड्याने घेतले आणि काम होताच परत केले. जोवर ते नाव त्याच्या एकट्याच्या पायात होते, तोवर ते दुसऱ्यांच्या हातात होते. ज्या दिवशी त्याने ते गावाजवळच्या मैदानात, परक्यांच्या मुलांत पेरले, त्या दिवसापासून ते त्याचे झाले.

आपल्या घरी, आपल्या वस्तीत, कोणी ना कोणी पुढे गेलेला असतो. कोणी नोकरीत, कोणी शिक्षणात, कोणी खेळात. त्याचा सत्कार जरूर करावा. शालही द्यावी. पण शाल देताना त्याला एवढे विचारावे की, बाळा, रविवारी दोन तास मोकळे आहेत का? गल्लीतली चार पोरे तुझ्याकडे पाठवायची आहेत. तो हो म्हणाला, तर भिंतीवरचा फोटो पुसून पुन्हा लावावा.